कस्तुरीच्या अल्बममधली विहीण

कस्तुरीचा पहिलाच अल्बम गाजला आणि जयपूरच्या तिलक नगरातल्या घरात एकट्या विजयमालाबाई सोडून सगळ्यांना आनंद झाला.

आर अँड बी म्हणजे काय, हे नातीने त्यांना समजावलं होतं. संथ ताल, आणि मनातलं दुखणं सूर घोळवत, जीव ओतून म्हणायचं. अल्बममधलं सगळ्यात गाजलेलं गाणं तर आजीच्याच आवाजात सुरू होत होतं. मेथी निवडताना त्या गुणगुणत होत्या आणि कस्तुरीने ते फोनवर टिपून घेतलं होतं. हल्ली श्वास पुरत नाही, म्हणून त्या एकेक शब्द ओढत म्हणत होत्या. जयपुरात वाढलेल्या, मराठी अडखळत बोलणाऱ्या कस्तुरीला वाटलं, हे कुणा विरहिणीचं गाणं असणार.

विरहिणी कसली! कस्तुरीच्या बापाच्या, सतीशच्या लग्नात, कराडला, भर पंगतीत मुलीकडच्यांना चिडवायला विजयमालाबाईंनीच ते रचलं होतं. अशी चिडवाचिडवी झाल्याशिवाय तेव्हा पंगत उठतच नसे.

मंदाकिनी विहीणबाई, हात तुमचा आखडला,
अर्ध्या जिलबीत बाई सारा गाव जेवला!

आता शेजारच्या राजा पार्कातली पोरं डोळे मिटून, छातीवर हात ठेवून ‘मंदाकिनी’ आळवत होती. आणि खऱ्या मंदाकिनीबाई, म्हणजे सुनेची आई, नातीचं कौतुक करायला कराडहून निघाल्या होत्या. इतक्या वर्षांत दोघी विहिणींत कधी वाकडा शब्द गेला नव्हता. मांडवातलं मांडवातच राहिलं होतं. ते आता जगभर झालं.

आल्या दिवशीच चहाचा कप खाली ठेवत मंदाकिनीबाई म्हणाल्या, “ऐकलं बरं का गाणं. आमच्या अख्ख्या भजनी मंडळाने ऐकलं.”

विजयमालाबाई घाईघाईने म्हणाल्या, “विहीणबाई, पोरीला काय ठाऊक! मी सांगते तिला, काढून टाक म्हणून.”

“नानी, मतलब... ती मंदाकिनी तुम्ही आहात?” कस्तुरी उडालीच.

“मीच ती अर्ध्या जिलबीची. पण काढायचं कशाला? माझं उत्तर कुठंय ते सांगा! मुलाकडच्यांनी टोमणा मारला आणि मुलीकडच्यांची दातखीळ बसली, असंच लोक म्हणणार ना? त्या दिवशी मी काय गप्प बसले होते?”

कस्तुरीने लगेच फोन पुढे धरला. “नानी, गा ना!”

मंदाकिनीबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चाल आठवत होती, शब्द नव्हते. “जिभेचं काहीतरी होतं बाई... गेलं डोक्यातून.” त्यांचा चेहरा एवढासा झाला.

विजयमालाबाईंना शब्द न् शब्द पाठ होता. त्या दिवशी सगळी पंगत त्यांना हसली होती आणि शेवटचा भात त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता. मलाही आठवत नाही म्हटलं असतं, तर कुणाला कळणार होतं? त्यांनी विहिणीकडे पाहिलं आणि खुर्ची फोनजवळ ओढली.

“ताल जरा जलद ठेव गं,” त्या नातीला म्हणाल्या. “हे रडत म्हणायचं नसतं.”

विजयमाला विहीणबाई, जीभ तुमची तिखट,
सोन्यासारखी लेक दिली, तरी तोंड आंबट!

“हेच! अगदी हेच!” मंदाकिनीबाईंनी मांडीवर थाप मारली. “आणि पुढे?”

“पुढे तर माझी पुरती लाज काढली होती तुम्ही,” विजयमालाबाई म्हणाल्या, आणि पुढचं कडवं त्यांनी जरा वरच्या पट्टीत उचललं.