तीन वाट्या आणि आठ वाजताचं दार

मारेगावच्या पुढे आमच्या गावात एका संस्थेचं पाळणाघर आहे. ते दहाला उघडतं. आम्ही कापूस वेचणाऱ्या बाया आठच्या ऑटोनं वावरात जातो. त्यामुळे पाळणे अजून कोरे करकरीत आहेत आणि माझी सोनू वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच झोपते, गालावर माश्या घेऊन.

यंदा वेचणीच्या सुट्टीच्या दिवशी यवतमाळहून अक्षय सर मूल्यमापनाला आले. "सगळं तुमच्याच मतानं होईल," म्हणाले. मत घ्यायला जागा हवी, म्हणून आत खेळत होती ती दोन-तीन मोठी लेकरं बाहेर काढली.

सरांनी तीन वाट्या मांडल्या. एकीवर हसरा चेहरा, एकीवर गप्प, एकीवर रडका. प्रत्येक बाईला मूठभर तुरीचे दाणे. पाळणाघर आवडलं तर हसऱ्या वाटीत टाका, नाही तर रडक्या.

आमच्यातल्या बेबीताईनं तिन्हींत सारखे टाकले. मग सगळ्यांनीच.

"अहो, एकाच वाटीत टाकायचे!"

"पाव्हण्याचं भांडं रितं कसं ठेवाव, साहेब? आमच्यात रितं भांडं वापस देत नाई," बेबीताई म्हणाली.

मी म्हटलं, "दाणे राहू द्या. आठले उघडा, मले इतकंच पायजे."

"ताई, वेळेचा विषय या वाट्यांत नाही." सरांनी लिहिलं : गावाचं मत संतुलित.

गावात लॉज नाही, म्हणून सरांचा मुक्काम पाळणाघरातच पडला. सकाळी दात घासत त्यांनी दार उघडलं, तर समोर आम्ही, कडेवर लेकरं. मागे ऑटोवाला हॉर्न मारून राह्यला.

"बाप्पा! उघडलं न आठले!" बेबीताई म्हणाली.

सोनूचं जावळ सारखं करून मी तिला सरांच्या हातात दिलं. "भात मऊ कालवजा, तिखट नोका देऊ." सरांच्या तोंडात ब्रश होता. आम्ही होकार धरला.

दहाला सेविका आली, पण सोनूनं सरांना सोडलं नाही. संध्याकाळी पाहिलं तर ती त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलेली, गालावर एक माशी नाही. सर मात्र तिसऱ्या वाटीसारखे दिसत होते.

मला वाटलं, आता वेळ बदलणार. महिन्यानं अहवाल आला. शिफारस एकच : मूल्यमापनकर्त्यांना पाळणाघरात उतरवू नये.

"पुढचे साहेब आता सरपंचाच्या घरी उतरतीन," मी ऑटोत चढताना म्हटलं.

बेबीताईनं सोनूला मांडीवर ओढलं.

"उतरू दे की. सरपंचाचं दार तं सहालेच उघडते."