शिंगं आणि शिडं

"मला एवढंच सांगा, ही शिंगं आली कुठून?" संपादकांनी विचारलं आणि पान टेबलावर सरकवलं.

पानावर एक लांबट जहाज धुक्यातून येत होतं, आणि त्यातल्या झाडून सगळ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांवर बैलाची असावीत तशी शिंगं होती. चित्र झकास उतरलं होतं, त्यामुळे तर जास्तच पंचाईत. टीव्हीवरची मालिका ज्या कंपनीची, तिने चित्रकथा काढायला परवानगी देतानाच बजावलं होतं, की बाकी काहीही करा पण शिंगं नकोत. खरे व्हायकिंग लढाईत तसलं काही घालत नसत, ती शिंगं मागाहून इतरांनी त्यांच्या डोक्यावर बसवली. छपाईआधी पानं कंपनीच्या संशोधक बाईंकडे जात. आज सकाळी त्या बाईंचा फोन येऊन गेला होता आणि संपादकांचे कान अजून लाल होते.

"माझ्याकडे बघू नका," चित्रकार म्हणाला. "मी फुगा वाचतो आणि चित्र काढतो. फुग्यात लिहिलंय, 'धुक्यातून शिंगं दिसतायत.' मी दाखवली."

त्या कचेरीची ही जुनी रीत होती. आधी कोऱ्या पानावर चौकटी आखायच्या, फुगे काढून त्यांत संवाद हाताने लिहायचे, आणि उरलेल्या जागेत चित्र. चित्रकाराला आधी मोकळं सोडलं तर तो बोलायला जागाच ठेवत नाही, असा सगळ्यांचा अनुभव होता.

संपादकांनी टंकलेली संहिता पुढे ओढली. "इथे काय आहे? शिडं. 'धुक्यातून शिडं दिसतायत.' शत्रूची जहाजं आली, म्हणून पहारेकरी ओरडतोय. आणि यांना शिंगं दिसली."

"मला वाटलं, अट सैल झाली असेल," चित्रकार पुटपुटला.

जुळणीबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होत्या. त्यांना सगळी कचेरी याच नावाने हाक मारी, कारण मालिका आणि चित्रकथा यांची जुळणी बघणं हे त्यांचं काम. सरदाराच्या डाव्या गालावरचा व्रण पुढच्या पानावर उजव्या गालावर गेला, की त्या तो परत आणत. एकदा मालिकेत बुडून मेलेला सुकाणूवाला पुढच्या अंकात मजेत वल्हं मारताना सापडला, तेव्हा त्यांनी त्याला मुकाट्याने पानावरून उतरवलं होतं. सरदाराच्या ताटात बटाटे दिसले, तर "बटाटा अजून त्यांच्याकडे पोचलेला नाही, सलगम घाला," असं त्यांनीच चित्रकाराला सांगितलं होतं. माणूस एका दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत तोच राहिला पाहिजे, एवढंच त्या बघत. हल्ली मात्र या कामाचा त्यांना धसका बसला होता.

फुग्यांतली अक्षरं त्यांच्या नवऱ्याची होती.

आणि ती अक्षरं त्यांनी स्वतः तपासून पुढे पाठवली होती. गेले काही महिने त्या नवऱ्याचं प्रत्येक पान जीव मुठीत धरून वाचत. एकेक वेलांटी, एकेक मात्रा, एकेक अनुस्वार. या पानावरही सगळं जिथल्या तिथे होतं. शब्दच दुसरा होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांसमोरून निघून गेला.

"माझी नजर चुकली," त्या म्हणाल्या. "पहिल्या तपासणीतच निघायला हवं होतं."

"तुमची नजर?" संपादकांचा आवाज खाली आला. ते वाईट माणूस नव्हते, म्हणून तर जास्त भीती वाटे. "काका बरे आहेत ना? पूर्वी इथे बसून लिहायचे. आता घरून लिहितात."

"गुडघा. जिना चढवत नाही."

"गुडघ्याने शब्द बदलत नाही हो." त्यांनी संहिता मिटली. "कंपनी म्हणतेय, अक्षरं कॉम्प्युटरवर घ्या. मी आजवर टाळलं. काकांचा हात आहे तोवर नको, म्हटलं. पण असं आणखी एकदा झालं, तर माझाही इलाज चालायचा नाही."

चित्रकाराने पान उचललं आणि पांढऱ्या रंगाची बाटली उघडली. "शिंगं मी खुडतो. फुगा मात्र काकांनीच लिहायचा. माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात."

शिंगं खुडून आणि फुग्यातली ओळ पांढरी करून होईपर्यंत जुळणीबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. मग पान दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, छातीशी धरून त्या निघाल्या. घर मागच्याच रस्त्यावर होतं. छापखान्याची गाडी दुपारी यायची होती, पण घाई गाडीची नव्हती. मागच्या महिन्यात नवऱ्याने दिवा लाव म्हणायच्या ऐवजी नळ लाव म्हटलं होतं, तेव्हा दोघंही हसले होते. मग एकदा किल्लीला चमचा म्हणाला. तेव्हा तो हसला, आणि त्यांनी हसल्यासारखं केलं. म्हणायचा शब्द जागेवर नसायचा आणि शेजारचा कुठला तरी येऊन बसायचा. डॉक्टरांकडे जाऊ, असं त्या दर आठवड्याला म्हणत, आणि जाऊ की, असं तो दर आठवड्याला म्हणे. तेवढ्यावर दोघंही सुटत.

तो खिडकीपाशी टेबलावर होता. बाहीला शाई लागू नये म्हणून लावलेलं कापड, कानावर पेन्सिल, सगळं नेहमीसारखं. त्यांनी आत येता येता शर्टाची बटणं बघितली. बरोबर लागली होती.

"आज लवकर?" तो म्हणाला. "काढून टाकलं की काय तुला?"

"एक फुगा बदलायचाय. जेवलात?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

त्याने पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "भात. आमटी. तू झाकून ठेवलं होतंस, त्यातलं. खिडकी लाव म्हणाली होतीस, तीही लावली. आणखी विचार."

"सहज विचारलं हो."

"सहज नाही विचारत तू. व्रण कुठल्या गालावर आहे ते बघतेस, तशी बघतेस माझ्याकडे. मला कळत नाही होय?"

त्या पुठ्ठ्यांची गाठ सोडत राहिल्या. गाठ साधीच होती, पण सुटेना. त्याने हात पुढे करून ती सोडवली.

"काय केलंय मी?" त्याने विचारलं.

खोटं बोलायचं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. संहितेतच चूक होती असं सांगायचं, म्हणजे त्याला लागणार नाही. पण एवढी वर्षं एकमेकांसमोर पानं ठेवून चुका दाखवल्या होत्या, त्यात हे बसेना. त्यांनी फुग्यावर बोट ठेवलं.

"इथे शिडं हवं होतं. तुम्ही शिंगं लिहिलंत. चित्रकाराने सगळ्यांना शिंगं काढली."

तो बघत राहिला. मग एकदम हसू लागला, अगदी खोकला येईपर्यंत. "सगळ्यांना? जहाजावरच्या त्या म्हाताऱ्यालाही?"

"त्यालाही."

"आणि संशोधक बाई?"

"फोनवर जळत होत्या म्हणे."

हसू आलं तसंच ओसरलं. त्याने डोळे पुसले. "मी ते लिहिलं तेव्हा मला ते बरोबरच वाटलं असणार," तो हळू म्हणाला. "चूक केल्याचं कळलं असतं, तर एक वेळ चाललं असतं. हे कळतच नाही गं. ऑफिसात काय बोललीस?"

"माझी नजर चुकली म्हटलं."

"कशाला?"

"चुकलीच होती."

त्याने दौत जवळ ओढली, पांढरा रंग वाळलाय का ते नखाने पाहिलं, टाक बुडवला आणि पहिल्या ओळीवर हात नेला. हात जराही कापत नव्हता. 'धुक्यातून' हा शब्द उतरला, त्यातला उकार कसा भरदार, गोल. त्या श्वास धरून बघत होत्या. टाक कागदावर टेकायच्या बेतात आला आणि तिथेच थांबला.

"सांग पुन्हा."

"शिडं."

"हं." टाक तसाच वर. "शीड म्हणजे काय गं?"

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. चेहरा त्यांनी जागेवर ठेवला, तो बघत होता म्हणून.

"जहाजाला असतं," त्या म्हणाल्या. "मोठं कापड. उभ्या खांबाला बांधतात. वारा आला की फुगतं आणि जहाज पुढे जातं."

"हां," तो म्हणाला. "हां, ते." आठवलं की नुसतं मान्य केलं, ते त्यांना कळलं नाही. पहिल्यांदाच त्यांनी ते तपासलं नाही.

त्याने लिहिलं. शि, ड, वर अनुस्वार, जिथे असावा तिथे. मग 'दिसतायत'. फुग्याच्या पोटात ओळ अशी बसली, की आधी इथे दुसरं काही होतं असं कुणाला सांगून पटलं नसतं. त्याने फुंकर घालून शाई वाळवली आणि पान त्यांच्याकडे फिरवलं.

"वाच. मोठ्याने."

त्यांनी वाचलं. तो ओठ हलवत त्यांच्या मागोमाग म्हणत गेला.

"हे देऊन ये," तो म्हणाला. "मग डॉक्टरांकडे जाऊ. आज खरंच जाऊ. आणि तिथे मी काय सांगतो त्यात चुका निघाल्या, तर लगेच सांग. लाज वाटून घेऊ नकोस."

"मी कधी वाटून घेतलीय," त्या म्हणाल्या.

पुठ्ठे बांधून त्या दारात चप्पल घालायला वाकल्या, तेव्हा मागे टाक दौतीला लागल्याचा आवाज झाला. त्यांनी वळून पाहिलं. त्याने एक वाया गेलेला कागद पुढ्यात घेतला होता आणि त्याच वळणदार अक्षरात तो शिडं, शिडं, शिडं असं लिहीत होता. प्रत्येक शब्दाखाली तो एक छोटा खांब आणि वाऱ्याने फुगलेलं कापड काढत होता.