तात्यांनी सभा चुकवली

दोन वर्षं झाली, तात्या मला चौपाटी दाखवणार होते. दर वेळी काहीतरी काम निघायचंच. नाहीतर मग संयुक्त महाराष्ट्राची सभा. आमच्या लालबागच्या चाळीतून सभेला पहिला माणूस कोण, तर माझे वडील. आईला ताप होता त्या दिवशीपण गेले.

आणि वेंगुर्ल्याहून त्यांच्या भावाची कालिंदी आली, तर बुधवारची सभा सोडून तिला मुंबई दाखवायला निघाले. मला म्हणाले, "तू पण चल, तिला सोबत होईल."

म्हणजे मी सोबत.

हिच्या दारात समुद्र. तरी वरळीच्या कट्ट्यावर उभी राहून म्हणते, "काका, ह्यो समुद्र वायलोच." वायलो म्हणजे वेगळा. तात्या असे खूश, जसा काय त्यांनीच खणला. महालक्ष्मीला देवळात पुजाऱ्याला सांगितलं, "पुतणी माझी. सातवीत पहिली आलीय." मी सातवीत बाईंना उलट बोलून शाळा सोडली, ते नाही सांगितलं. उपकारच.

मग माहीमचं चर्च. तिथं बुधवारी सगळ्या जातीची गर्दी. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाहुल्या मिळतात. ज्याला जे पाहिजे ते घेऊन नवस बोलायचा आणि आत मदरच्या मूर्तीपुढे ठेवून यायचं. तात्यांनी तिला मेणाचं घर घेऊन दिलं. गावच्या घराचं छप्पर वादळात गेलेलं त्यांच्या. मला विचारलं, "तुला काय?" मी म्हटलं, "काय नको."

तात्या चपला सांभाळत बाहेर थांबले. आत जाताना मी तिच्या कानात सांगितलं, "ठेवलंस की हात जोड आणि परत उचल. प्रसाद असतो. घरी न्यायचा." खरं तर शेजारच्या गंगुबाईंबरोबर मी दहादा आलेय. परत कुणी नेत नाही, मला चांगलं ठाऊक.

ती वेडी उचलून निघाली. एका झगेवाल्या म्हातारीनं दारातच तिचा हात धरला. "काय करते तू? ते मदरला दिलेलं हाय." माणसं जमली. कालिंदी लाल झाली. "माका नलून सांगितल्यान, परसाद घेवक होयो."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. आता बसणार, म्हणून मी गालच पुढे केला. पण ते हसायला लागले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगो, मी पण पहिल्यांदा आलो तेव्हा मेणाचा पाय उचलून खोलीवर नेलेला. नलूच्या आईनं चार दिवस त्याला हळदकुंकू वाहिलं." कालिंदी डोळे पुसत हसली. म्हातारीपण हसली.

"मला कधी सांगितलं नाही हे," मी म्हटलं.

"तू कधी विचारलंस?"

"तुम्ही घरी कधी असता?"

तात्या कालिंदीच्या हातातलं घर आत ठेवून आले, चपला घातल्या. मग हळूच म्हणाले, "चल नलू. आत्ता जाऊ चौपाटीला."

"ही पण येणार?"

"येणार. तिला काय रस्त्यात सोडू?"

"मग मला नको."

"बघ हां."

"बघितलं."

चौपाटीची बस आली. मी स्टॉपवरच थांबले. कालिंदी खिडकीशी बसली, तात्या तिच्या शेजारी. बस सुटताना त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला. मी चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकले आणि बस वळेपर्यंत तशीच वाकून राहिले.