निळ्या उजेडातलं टोक

कॅलेंडरचं मुखपृष्ठ मिळालं असतं तर चष्मेवाल्याच्या हातात रोकड काही पडणार नव्हती. कॅलेंडर क्लबचं, छापायचं क्लबवाल्यांनी आणि घरच्यांची बोलणी खात भिंतीवर लावायचंही त्यांनीच. पण फायदा काय रोकडीतच मोजायचा? एक तर ‘धुरकट’ हे नाव सुटलं असतं. पहिल्याच स्पर्धेत त्याने हललेला फोटो दिला होता, तेव्हापासून क्लबात त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. दुसरं, क्लबातल्याच, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरचा आणि त्याच्या महागड्या कॅमेऱ्याचा तोरा उतरला असता. आणि तिसरं, भाऊजी चहा ढवळताना “काय फोटोग्राफर?” म्हणायचे, ते एखाद्या दिवशी न हसता म्हणाले असते.

क्लब एअरसॉफ्टवाल्यांचा. या बंदुका दिसायला थेट खऱ्या, पण उडवतात प्लास्टिकची वाटाण्याहून लहान गोळी. कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून नळीच्या टोकाला नारिंगी टोपण असतं. फोटो काढणाऱ्यांच्या डोळ्यांत तेच खुपतं. बाकी सगळं पोलादासारखं गंभीर आणि टोकाला जोकराचं नाक! क्लबचा नियम मात्र कडक. टोपण काढायचं नाही, रंगवायचं नाही, झाकायचं नाही, कॉम्प्युटरवर खाडाखोड करायची नाही.

चष्मेवाला ताईच्या घरी मागच्या खोलीत राहायचा. दिवसभर दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून बंदुकीचे फोटो काढायचे. भाऊजी इमारतीचे सेक्रेटरी. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “खेळणं आहे तोवर ठीक. लोकांची तक्रार आली, की तू आणि तुझ्या बंदुका एकाच टेम्पोत.” दुसरी खोली परवडण्यातली नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच भाऊजी ते अधूनमधून पुन्हा सांगत.

काचेवरचा डाग कसा पुसावा हे त्याला कळत होतं, तेवढं त्याने बंदुकीवर खर्ची घातलं. काळ्या अंगावर अंगठ्याचा ठसा फोटोत नकाशाएवढा दिसतो, म्हणून दुकानातल्या मऊ फडक्याने ती पुसली. पांढऱ्यावर ठेवली तर जाहिरात वाटते, काळ्यावर ठेवली तर हरवते. म्हणून ताईची राखाडी विणलेली शाल अंथरली. दिवा समोरून न लावता बाजूने लावला, तेव्हा कडा उठून आल्या. टोपण मात्र बोंबलतच होतं. मग त्याने खिडकी बंद करून दिव्याला निळा जिलेटिन कागद तीन पदरी गुंडाळला, आणि निळ्या उजेडात नारिंगी टोपण कोळशासारखं काळं पडलं. कॅमेऱ्याला निळाच पांढरा समज म्हणून सांगितलं, तशी फोटोतली निळाईही गेली. रंग नाही, पट्टी नाही, खाडाखोड नाही. चष्मेवाला खोलीत एकटाच हसला.

शेवटच्या फेरीत दोनच फोटो उरले, त्याचा आणि डॉक्टरचा. मतदान रविवारी, तोवर फोटो बदलून द्यायची मुभा होती. डॉक्टरचं टोपण अर्थातच नारिंगी होतं. जिन्यात भेटला की तो गोड आवाजात विचारायचा, “टोकाचं काय केलंस रे धुरकट? नियमात आहे ना?”

“आहे. रविवारनंतर सांगतो.”

शुक्रवारी संध्याकाळी समोरच्या काकू फोन पुढे धरून घरात शिरल्या. मागून आणखी तीन-चार घरं आणि सगळ्यांच्या मागे, हात खिशात घालून, डॉक्टर.

“हा फोटो फिरतोय,” काकू म्हणाल्या. “बंदुकीतलं मला काही कळत नाही. पण ही शाल मी विणलीय. काठाला एक टाका चुकलाय, तोसुद्धा दिसतोय बघा!”

फोटो इतका स्वच्छ आला होता.

चष्मेवाल्याने आतून बंदूक आणली. “काकू, हे खेळणं आहे. हे बघा नारिंगी टोपण. खऱ्या बंदुकीला असतं का असं?”

काकूंनी बंदूक पाहिली, फोन पाहिला, पुन्हा बंदूक पाहिली. “हिचं टोक नारिंगी. फोटोतल्या बंदुकीचं काळं. मग ती दुसरी कुठाय?”

“दुसरी नाहीच.”

“म्हणजे हा फोटो खोटा?”

“खोटा कसा? फोटो अगदी खरा आहे.”

“मग बंदूकही खरी!” मागून कुणीतरी म्हणालं. खोलीतली हवा एकदम कमी झाली. लोक दारात उभे, खिडकीशी भाऊजी, आणि मधे हा, हातात खेळणं घेऊन. जितकं दाखवावं तितका तो गुंतत चालला होता.

“खरंच की,” डॉक्टर मागून म्हणाला. “टोक काळं कसं? मलाही उत्सुकता आहे.”

डॉक्टरच्या कपाटात अशाच चार बंदुका होत्या. त्याने एक शब्द टाकला असता तर सगळे हसत घरी गेले असते. पण लहान मुलं दात दाखवायला येतात, त्यांच्या आयांना हा शौक कळून कसं चालेल?

चष्मेवाल्यालाही एकच वाक्य बोलायचं होतं. आतला दिवा, निळा कागद, या आणि बघा. पण डॉक्टर दारातच उभा. वाक्य तोंडातून निघालं की रात्रीत हाच दिवा, हाच कागद, वर तो महागडा कॅमेरा. मग कसलं मुखपृष्ठ!

भाऊजी म्हणाले, “बोल की! नाहीतर टेम्पो बोलावतो.”

तो जमिनीकडे बघत राहिला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. लहानपणापासून त्याचं गप्प बसणं तिला वाचता येत होतं, निदान तिला तसं वाटायचं.

“दुसरी होती,” ताई म्हणाली. “मला दिसली तशी मीच काल नदीत टाकून आले. आता घरात फक्त हे खेळणं आहे. झालं समाधान?”

सगळ्यांचं झालं. काकूंनी सुस्कारा सोडला. भाऊजींनी टेम्पोचं नाव काढलं नाही. डॉक्टर तेवढा खट्टू होऊन जिना चढला.

दार लागल्यावर ताईने त्याच्यासमोर हात पसरला. “आण ती. खरंच टाकून येते.”

त्याने तिला मागच्या खोलीत नेलं, खिडकी बंद केली, दिव्याला कागद गुंडाळला. टोपण काळं झालं. कागद काढला, नारिंगी झालं. ताईने कागद घेऊन स्वतःच एकदा दिव्यापुढे धरला आणि काढला.

“एवढंच होतं?”

“हो.”

“मग तिथे का नाही बोललास?”

रविवारी मतदान आहे हे कारण मोठ्याने म्हणण्यासारखं नव्हतं.

“आत्ता जाऊन सांगू का सगळ्यांना?” तो म्हणाला.

“सांग. भाऊ खरा, बहीण खोटारडी. जा, सांगून ये.”

तो गेला नाही.

ताईच्या दाराशी खुंट्यांची एक फळी होती. गावाला जाताना अख्खा जिना आपली किल्ली तिथे अडकवून जायचा. कारण ताई म्हणजे काय, शंकाच नको. शनिवारी काकू आल्या. “पाहुणे यायचेत, किल्ली लागेल जरा.” मग खालचे आले. मग त्यांच्या शेजारचे. प्रत्येकाकडे पाहुणेच यायचे होते. घरात बंदूक सापडते, बाई कुणाला न सांगता गुपचूप नदीवर जाऊन येते, अशा घरी किल्ली कोण ठेवील? ताईने एकेकाला किल्ली काढून दिली. चहा विचारला. कुणी थांबलं नाही.

रविवारी मुखपृष्ठ चष्मेवाल्याला मिळालं. ‘धुरकट’ नाव सुटलं. डॉक्टरचं बिघडलं काहीच नाही, चार दिवस तोंड पाडून फिरला इतकंच. भाऊजींचं पद राहिलं, आणि त्यांची “काय फोटोग्राफर?” ही चौकशी बंद झाली. आता ते त्याला काहीच विचारत नाहीत.

कॅलेंडर छापून आलं तेव्हा लावायला खुंट्या मोकळ्याच होत्या. पण नदीत गेलेली बंदूक दारात टांगणार कशी? ते गादीखाली पालथं पडून आहे. येता-जाता ताईचा हात सवयीने त्या फळीकडे जातो, आणि रिकामाच मागे येतो.