खणातले उणे तीन अंश

माळनाक्यावर एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत नम्रता आणि नबील यांचे कार्यालय होते. त्या सकाळी तिथल्या टेबलावर तीन लहान संगणक मांडलेले होते: एक मॅक मिनी, एक रास्पबेरी पाय आणि लिनक्स घातलेला तिसरा, काळ्या पत्र्याचा. तिन्हींत एआरएम जातीची चिप होती, आणि त्यांतला एक आज पसंत करायचा होता.

"तिन्ही मिळून माझ्या जेवणाच्या डब्यात मावतील," नबील म्हणाला.

"मग दुपारी तेच खा. आधी मॅकवर बिल्ड लाव."

दोघे रत्नागिरीच्या एकाच कॉलेजात शिकले होते आणि मासेमारीच्या बोटींसाठी एक पेटी बनवत होते. पेटीचा सेन्सर मासळीच्या खणात, बर्फात खोचलेला असे. समुद्रावर असताना पेटी खणातले तापमान नोंदवी आणि बोट किनाऱ्याला लागली की त्या नोंदी बोटीच्या मच्छीमार संस्थेकडे पाठवी. मासळी थंड राहिल्याचा पुरावा असला की निर्यातदार चांगला भाव देत. या पेटीतही एआरएम चिपच होती. प्रोग्रॅम मात्र ते इंटेलच्या लॅपटॉपवर लिहीत, तिथेच तपासत आणि मग पेटीसाठी त्याचा बिल्ड बांधून आत भरत. पेटी इतकी दुबळी होती की सगळ्या चाचण्या तिच्यावर चालवणे शक्यच नव्हते. म्हणून पेटीच्याच जातीचा, पण दमदार असा संगणक त्यांना हवा होता.

निवड सकाळीच उरकायची होती, कारण दुपारी नबीलला पूर्णगडला जायचे होते. तिथल्या मच्छीमार संस्थेची सभा होती. संस्थेच्या मालकीच्या बोटीवर नबीलचे मामा मन्सूर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, होते आणि त्यांचे तांडेलपण आज काढून घेतले जाणार होते. त्यांच्या बोटीच्या नोंदींत पुन्हा पुन्हा एकच शेरा आला होता: 'सेन्सर काढला'. खण तापला की तांडेल सेन्सर बर्फातून उपटून ठेवतो आणि मासळी तापल्याचे लपवतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. मन्सूर आधी नाही म्हणाले होते. नंतर त्यांनी कबुली दिली. त्यामुळे सभा आता केवळ ठरावापुरती उरली होती.

मॅकने सगळा प्रोग्रॅम भराभर बांधला. चाचण्यांच्या ओळी हिरव्या होत खाली सरकल्या.

"विषय संपला," नबील म्हणाला. "हाच घेऊ. पंख्याचा आवाजसुद्धा नाही."

"पेटीत लिनक्स आहे, यात नाही. बाकीचे दोन बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

"तू मुलगा बघायला गेलीस तरी असंच करशील."

"केलंच होतं. म्हणून तर सुखात आहे."

रास्पबेरी पायने अधिक वेळ घेतला, पण काम पुरे केले. चाचण्या सुरू झाल्या. हिरव्या ओळींत एक ओळ लाल झाली. शून्याखालच्या तापमानाची चाचणी होती. अपेक्षित उत्तर उणे तीन. आलेले उत्तर दोनशे त्रेपन्न.

"तापला असेल बिचारा," नबील म्हणाला.

"तापलेला संगणक बंद पडतो. उत्तर बदलत नाही."

तिने तीच चाचणी तिसऱ्या संगणकावर लावली. तिथेही दोनशे त्रेपन्न आले.

नम्रताने खुर्ची पुढे ओढली आणि प्रोग्रॅम उघडला. तापमान साठवायला तिने सर्वांत लहान कप्पा वापरला होता. त्या कप्प्यात उणे आकडे मावतात की फक्त अधिक, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्पष्ट सांगावे लागते. न सांगितल्यास यंत्र आपल्या रीतीने ठरवते. लॅपटॉपने उणे मानले होते, मॅकनेही. एआरएमवरचे लिनक्स तसे मानत नव्हते. तिथे उणे तीनचे दोनशे त्रेपन्न होत होते. तिने शून्याखालची चाचणी न विसरता लिहिली होती. लॅपटॉपवर ती नेहमी हिरवीच दिसली होती.

तिची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि तिथेच थांबली. तापमान साठच्या वर दिसले तर वायर निघाली असे समजावे आणि 'सेन्सर काढला' असे नोंदवावे.

"नबील, पेटीतही लिनक्सच आहे."

"माहीत आहे."

"मग पेटीतही उणे तीनचे दोनशे त्रेपन्न होत असणार. आणि त्यावर शेरा पडत असणार." ती म्हणाली. "पण खणात शून्याखाली जाईलच कसं? साधा वितळता बर्फ. तो शून्याखाली जात नाही."

नबील उभा होता. तो हळूच स्टुलावर बसला.

"मामू बर्फात मीठ टाकतात," तो म्हणाला.

"काय?"

"जाडं मीठ. प्रत्येक थरावर. सुरमईचा रंग टिकतो म्हणतात. बाकी कुणी टाकत नाही. खलाशी चिडवतात त्यांना, मन्सूरभाईची बोट आहे की कुल्फीची गाडी म्हणून. मिठानं बर्फ शून्याच्या खाली उतरतो."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा मागे घेत होते. नम्रताने ती लाल ओळ पुन्हा एकदा वाचली.

"पण त्यांनी कबूल केलं ना?" नम्रता म्हणाली. "काढला नव्हता, तर कबूल कसं केलं?"

"मी करायला लावलं." नबीलचा चेहरा उतरला होता. "घरी जाऊन बसलो त्यांच्यासमोर. म्हटलं, मामू, माणूस विसरतो, मशीन विसरत नाही. कबूल करा, खलाशी म्हणून तरी ठेवतील. ते शपथ घेत होते, नम्रता. मी म्हटलं, शपथ घेऊ नका, पेटी मी बनवलीय."

नम्रताने कपाटातली एक राखीव पेटी काढली आणि पिशवीत घातली.

पावस गावावरून ते पूर्णगडला पोहोचले तेव्हा सभा सुरू झाली होती. संस्थेच्या लांबट खोलीत समितीचे लोक बाकांवर बसले होते. मन्सूर भिंतीकडेच्या खुर्चीत होते. अंगात इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर. अध्यक्ष भागोजीनानांनी नम्रताचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"बाई, तुम्हीच या खोलीत सांगून गेलात, पेटी तपासलेली आहे. तेव्हा मशीन खरं. आज मशीन खोटं. उद्या काय सांगाल? आणि माणूस स्वतःच्या तोंडानं हो म्हणालाय, त्याचं काय करू?"

"सेन्सर तेव्हाही खरंच मोजत होता, नाना. चुकीचं लिहिलं ते आमच्या प्रोग्रॅमनं. ती ओळ माझी आहे. मला थोडा बर्फ आणि मीठ द्या. तुमच्यासमोरच होऊ दे."

एका खलाशाने घमेलेभर फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ आणले. नम्रताने घमेले टेबलावर ठेवले, राखीव पेटीचा सेन्सर बर्फात खोचला आणि पेटीला जोडलेला आपला मोबाइल सगळ्यांना दिसेल असा उभा केला. आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि तिथेच थांबला.

"मन्सूरभाई," ती म्हणाली, "तुम्ही बोटीवर टाकता तसं मीठ टाका."

मन्सूर उठले. काय चालले आहे ते त्यांना पुरते उमगले नव्हते. त्यांनी ओंजळीतले मीठ बर्फावर भुरभुरवले, तळहाताने वरून दाबले आणि सवयीने हात सदऱ्याला पुसणार तेवढ्यात सदरा इस्त्रीचा आहे हे आठवून ते तसेच उभे राहिले.

"आता सगळे लांब व्हा," भागोजीनाना म्हणाले. "कुणी हात लावायचा नाही."

घमेल्याभोवती मोकळी जागा झाली. पडद्यावर शून्य होते. थोड्या वेळाने शून्य गेले आणि त्या जागी अक्षरे उमटली: सेन्सर काढला.

"अरे, पण कुणी काढला?" मागून कुणीतरी ओरडले. "तो बघा, आतच आहे!"

भागोजीनानांनी वाकून पाहिले. वायर बर्फात घट्ट रुतलेली होती. ते मोबाइलकडे आणि घमेल्याकडे आळीपाळीने पाहत राहिले. मग खाली बसले.

"ठराव येणार नाही," ते म्हणाले. "बोट मन्सूरकडेच राहील. आणि बाई, त्या पेट्या दुरुस्त होईपर्यंत एकाही बोटीवर नकोत." त्यांचा आवाज खाली आला. "पण मन्सूर, तू हो का म्हणालास रे? या खोलीत, माझ्यासमोर?"

मन्सूर ओल्या हातांकडे पाहत होते.

"पोरगा शिकलेला. तो म्हणाला, मशीन चुकत नाही. मग मला वाटलं, मीच काढला असेन. रात्री उठून मी खण बघतो ना, तेव्हा हात लागला असेल. पुढं पुढं तर दिसायलाच लागलं नाना, की मी वायर ओढतोय. कुठल्या रात्री ओढली, तेही दिसायला लागलं."

नम्रताला वाटले होते की आपण एका चुकीच्या शेऱ्याची दुरुस्ती करायला आलो आहोत. त्या माणसाच्या आठवणीत न घडलेली रात्र कुणी घातली, आणि ती आता कशी काढायची, याचे उत्तर तिच्या कुठल्याच प्रोग्रॅममध्ये नव्हते.

सभा उठली. लोक मन्सूरच्या पाठीवर हात ठेवून बाहेर पडले. धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी नबीलने मामांना गाठले.

"मामू, मला माफ करा. तुम्ही नव्हता काढला. आता मला पक्कं माहीत आहे."

मन्सूर थांबले. रागाचा मागमूसही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. खरेच जाणून घ्यायचे असावे तसे त्यांनी विचारले,

"कशावरनं? मी सांगितलं होतं तेव्हा नव्हतं माहीत. आज त्या डब्यानं सांगितलं म्हणून?"

'हो' हे एकच खरे उत्तर नबीलजवळ होते.