मधल्या गाडीचा मागचा बंपर

मी बंपर बोलतोय, मुलुंडच्या काशीरामच्या पांढऱ्या गाडीचा मागचा बंपर. नाव तिचं, मार माझा!

काशीराम या गाडीतून लोकांच्या मुलांना शाळेत सोडायचा. एका श्रावणात, मुलांना सोडून परतताना, घाटकोपरला पुढची रिक्षा भाडं घ्यायला मध्येच थांबली. काशीरामनेही ब्रेक दाबला. आम्ही थांबलो. तोच मागून हिरवा टेम्पो माझ्यावर आदळला आणि आम्ही रिक्षावर ढकलले गेलो. रिक्षात नुकत्याच बसलेल्या सोनूबाईंचं मनगट मोडलं.

"धडक तुझ्याच गाडीने दिली ना रे?" रिक्षावाला ओरडला. टेम्पोवाला म्हणाला, "मी तर लागलोच नाय."

झालं! सोनूबाईंनी भरपाईसाठी कोर्टात दावा लावला. मुलांचे पालक म्हणाले, "काशीरामभाऊ, निकाल लागेपर्यंत मुलं नको."

त्यात गणपती जवळ आलेले. काशीरामची बायको सुगंधा म्हणाली, "चेपलली गाडी घेवन गावाक जातलास? वाडीतले हसतले!" काशीरामने गाडी चकाचक केली. नवा बंपर लागला आणि मी गॅरेजच्या छपरावर, ताडपत्री उडू नये म्हणून.

गावाहून परतल्यावर त्याच्या वकील वसुधाताईंनी कपाळाला हात लावला. "अहो, फोटो तरी काढलात? पुरावाच बदलून आलात!"

काशीराम गॅरेजकडे धावला. "अनिरुद्ध, माझा जुना बंपर?"

"वर बघ. पावसाळाभर ड्युटीवर आहे."

चादरीत गुंडाळून मला कोर्टात नेलं. नवरीसारखा थाट! चादर सुटली. माझ्या खोल चरांत टेम्पोचा हिरवा रंग जसाच्या तसा होता. टेम्पोच्या वकिलांनी चष्मा पुसला. सोनूबाई म्हणाल्या, "धक्का एकच बसला." म्हणजे आम्ही आधी धडकलो नव्हतो, ढकलले गेलो होतो.

सोनूबाईंना पूर्ण भरपाई मिळाली. दोषाचे मात्र वाटे पडले: मोठा टेम्पोवर, थोडा मध्येच थांबलेल्या रिक्षावर आणि लहानसा काशीरामवरही.

"मी थांबलो होतो ना, वसुधाताई!"

"थांबलात हो, पण रिक्षाच्या पाठीला नाक लावून. अंतर असतं तर ढकलली जाऊनही गाडी तिच्यापर्यंत पोहोचली नसती."

सोनूबाई हसल्या, "लहान वाटा आहे, गोड मानून घे."

पालकांनी मुलं परत पाठवली. आता पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील, एवढ्या अंतरावर काशीराम थांबतो. मागून कोणी कितीही हॉर्न वाजवो.

मी पुन्हा ताडपत्रीवर आहे. इथून रस्ता छान दिसतो. तुम्हीही तेवढी जागा सोडा. माझ्या भावंडांना कोर्ट बघायची मुळीच हौस नाही.