उसनी भांडी

पुण्याच्या कॉलेजनं नीलम्माचा अर्ज परत पाठवला नाही, हीच पहिली चांगली बातमी होती. छापील पत्राच्या तळाशी कुणीतरी हातानं दोन ओळी लिहिल्या होत्या : विद्यार्थिनी निजाम हद्दीतली, म्हणजे परराज्यातली आहे. फीमाफी हवी असल्यास तिच्या सरकारचा गरिबीचा दाखला पंधरा जूनच्या आत पोचवावा.

नीलम्मानं ते दोनदा वाचलं. सोलापुरात मामाकडं राहून तिनं मॅट्रिक केलं, तेव्हा हद्दीच्या नाक्यावर गाठोडं उघडून दाखवावं लागे, तेवढंच. परकी मात्र तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिला बी.ए. व्हायचं होतं आणि उमरग्यात परत येऊन मुलींना चौथीच्या पुढं शिकवायचं होतं. फीमाफी नाही तर कॉलेज नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तहसीलदारांनी तिचा अर्ज गिरदावरांकडं, म्हणजे महसुली तपासनिसांकडं धाडला. गिरदावरांनी घर डोळ्यांनी पाहायचं, अहवाल द्यायचा, मग दाखला. बुधवार ठरला. घरी तिनं एवढंच सांगितलं, "गिरदावर चौकशीला येणार हायत." कसली चौकशी, ते ती बोलली नाही. तिचे वडील चन्नबसप्पा बाजारात विड्याची पानं विकत. एखाद्या गिऱ्हाइकानं कीव करून जास्तीचा पैसा ठेवला, तर ते त्याच्यामागं धावत जाऊन परत देत. 'गरीब' हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नीलम्माला धीर झाला नाही, आणि तिची चूक झाली ती इथंच.

बुधवारी सकाळी ती हेडमास्तरांचं शिफारसपत्र आणायला गेली. परत आली तर आपण दुसऱ्याच्या घरात शिरलो की काय असं तिला वाटलं. फळीवरच्या जर्मनच्या स्वस्त ताटल्या गायब होत्या. त्यांच्या जागी चिंचेनं घासलेली पितळी परात, दोन समया, चार तांबे. कोपऱ्यात तर एवढं मोठं तांब्याचं घंगाळ.

"अव्वा, हे कुणाचं?"

"परात महारुद्राची. समया अन् तांबे शांतम्माचे," तिची आई शिवकांता हात पुसत म्हणाली. "घंगाळ महांतप्पाकडचं. दोघांनी धरून आणलं."

"पण कशाला?"

"कशाला म्हंजे? चौकशीला माणूस येतोय. तुझ्या अक्काच्या टायमाला बी असंच मांडलं हुतं. म्हणून तर लगीन जमलं."

नीलम्मानं दाखल्याचं सगळं सांगून टाकलं. चन्नबसप्पा दारात उभे राहून ऐकत होते.

"गरीब हाय म्हणून सरकारी कागद पायजे?" ते म्हणाले. "हे आधी का न्हाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्ज करू दिला असता का, अप्पा?"

"नसताच."

"मग."

चन्नबसप्पा आत आले. त्यांनी घंगाळाचा एक कान धरला, नीलम्मानं दुसरा. ते उंबऱ्यापर्यंत आणलं, तर समोर गिरदावर उभे. बापलेकीनं घंगाळ जागच्या जागी ठेवलं.

गिरदावर नरसिंगराव वरंगलकडचे. शिक्षण उर्दूत झालेलं, मराठवाड्यात येऊन सहा महिने झाले होते. पुढच्या महिन्यात त्यांची मराठीची खातेपरीक्षा होती, म्हणून ते दिसेल ते वाचत चालत. आत येऊन ते चौरंगावर बसले. फळीवरून एक नजर फिरवली, वही उघडली आणि एक शब्द लिहिला. नीलम्मानं तो उलट्या बाजूनं वाचला. चौथीपर्यंत ती उर्दू शिकली होती. आसूदा. खाऊनपिऊन सुखी.

हा शेरा गेला की दाखला गेला. बापाच्या तोंडावर बापाचं घर उघडं पाडायचं कसं? तिनं साखर घातलेल्या दुधाचा तांब्या गिरदावरांपुढं ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

नरसिंगरावांनी तांब्या उचलला. गळ्याशी ठोक्यांनी नाव कोरलेलं होतं. त्यांनी तो उजेडाकडं फिरवला.

"शां... त... म्मा. शांतम्मा. तुमची बायको?"

"शेजारीण," चन्नबसप्पा म्हणाले.

"अच्छा." वाचता आलं याचाच त्यांना आनंद झाला होता. ते उठून परातीपाशी गेले. "म... हा... हे पुढं काय?"

"रु, मग द्र," नीलम्मा म्हणाली.

"महारुद्र. हे कोण?"

"समोर राहतात."

घंगाळापाशी ते वाकले. महांतप्पा हे नाव त्यांनी एका दमात वाचलं. मग मात्र ते कमरेवर हात ठेवून वळले.

"चन्नबसप्पा, तुमचं नाव कुठं आहे?"

आमची भांडी कल्हईला गेलीत, असं म्हटलं की भागलं असतं. ते शब्द बापाच्या ओठावर आलेले नीलम्माला दिसले. चन्नबसप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग ते आत गेले आणि मागं लपवलेली एक जर्मनची ताटली घेऊन आले. काठ चेपलेली.

"आमचं हे. ह्याच्यावर नाव घालत न्हाईत, साहेब. बाकी सगळं लोकांचं हाय."

"मग हे आधी दाखवायचं होतं."

"पाव्हण्याला असलं दाखवत्यात व्हय?"

नरसिंगराव हसले. चौरंगावर बसून त्यांनी वहीतला शब्द खोडला आणि त्याखाली चार ओळी लिहिल्या. दूध संपवलं, तांब्या खाली ठेवला. "हे द्र परीक्षेत येतं का?"

"येतं," नीलम्मा म्हणाली. "जोडाक्षरं हमखास येतात."

"तर मग माझंही काम झालं."

दाखला आठवड्यात मिळाला. तो उर्दूत होता. नीलम्मानं त्याचा मराठी तर्जुमा करून हेडमास्तरांची सही घेतली आणि दोन्ही कागद रजिस्टरनं पाठवले. जूनच्या अखेरीस पुण्याचं उत्तर आलं. फी माफ. बोर्डिंगच्या खर्चाचा विचार हजर झाल्यावर करू. म्हणजे अर्धं काम झालं होतं आणि अर्ध्यासाठी तिला जावंच लागणार होतं.

शांतम्मानं दुधाचा तो तांब्या परत घेतला नाही. "तिकडं पाणी कशानं पिणार पोर?" म्हणाली.

रविवारी बाजारात भांड्यांवर नावं घालणारा बसला होता. चन्नबसप्पांनी पानांची पाटी बाजूला ठेवून तांब्या त्याच्यापुढं धरला.

"जुनं नाव घासून काढू?" त्यानं विचारलं.

"कशाला? ऱ्हाऊ दे. त्याच्याखाली नीलम्मा घाल." आणि तो छिन्नी टेकवतोय तोच म्हणाले, "गावाचं नाव बी घाल, उमरगा. परमुलखात चाललीय."